सारख्या आवाजाचा हिशेब
(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ध्वनीविषयी लिहावे, हे काहींना अनधिकार वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय जितका ध्वनीचा आहे तितकाच तो मोजमापाचा आणि सरासरीचा आहे. आणि मोजमाप व सरासरी यांच्याशी तर आमचा रोजचाच संबंध. म्हणून हे धाडस.

विषय साधा आहे. खिशात मावणाऱ्या यंत्रावर आपण एकामागून एक गाणी ऐकतो. एक गाणे इतके हळू लागते की आवाज वाढवावा लागतो. त्यामागून येणारे गाणे कानठळ्या बसवते. असे का होते, ते कसे टाळावे, आणि न टाळल्यास कानांचे काय होते, या तीन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

विषयाची व्याप्ती

१९७९ साली सोनी कंपनीचा वॉकमन बाजारात आला, तेव्हापासून संगीत माणसाबरोबर चालू लागले. २००१ साली आलेल्या आयपॉडने हजार गाणी खिशात बसवली. आज तेच काम मोबाइल करतो. कॅसेटच्या काळात हा प्रश्न फारसा जाणवत नसे, कारण एका कॅसेटमधील गाणी बहुधा एकाच ठिकाणी, एकाच हाताने तयार झालेली असत. मेमरी कार्डावर मात्र सत्तर वर्षांपूर्वीचे नाट्यपद, कालचे चित्रपटगीत आणि कुणा हौशी मंडळीने घरी मुद्रित केलेले भजन शेजारी शेजारी बसतात.

माझे शालेय शिक्षण सुरतेत, मराठी माध्यमात झाले. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. उधना–जळगाव रेल्वेने खानदेश आणि सुरत यांना एकाच धाग्यात ओवले आहे. त्यांपैकी पुष्कळजण यंत्रमागावर काम करतात. मागाच्या कारखान्याला तिकडे ‘खाते’ म्हणतात, ही गोष्ट वाणिज्याच्या विद्यार्थ्याला गमतीची वाटेल. या कामगारांच्या मोबाइलवर अहिराणी लग्नगीते, भीमगीते, अभंग आणि हिंदी चित्रपटगीते यांची सरमिसळ असते. आमच्या घरी आईमुळे तीत कन्नड दासवाणीचीही भर पडते. अशा सरमिसळीतच आवाजाचा चढउतार सर्वांत अधिक जाणवतो. शिवाय ज्याचा दिवस मागाच्या खडखडाटात जातो, त्याच्यासाठी हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. याचा विचार पुढे केला आहे.

‘आवाज’ म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘आवाज’ हा शब्द फार कामे करतो. ‘तिचा आवाज गोड आहे’, ‘वर्गात आवाज करू नका’ आणि ‘रेडिओचा आवाज वाढव’ या तीन वाक्यांत तीन निरनिराळे अर्थ आहेत. कन्नडमध्ये गळ्यातल्या आवाजाला ‘दनी’ आणि गोंगाटाला ‘सद्दु’ असे वेगळे शब्द आहेत. आपल्याला येथे तिसऱ्या अर्थाशी, म्हणजे आवाजाच्या मोठेपणाशी, कर्तव्य आहे. त्याला ‘पातळी’ म्हणू.

पातळी डेसिबलमध्ये मोजतात. डेसिबल हे किलोग्रॅमसारखे सरळ माप नाही. ते गुणोत्तराचे माप आहे. पातळी १० डेसिबलने वाढली की ध्वनीची शक्ती दहापट होते, २० ने वाढली की शंभरपट. ३ डेसिबलची वाढ म्हणजे सुमारे दुप्पट शक्ती. कानाला मात्र दहापट शक्ती दहापट मोठी वाटत नाही. ती ढोबळ मानाने दुप्पट मोठी वाटते. चक्रवाढ व्याजाची गणिते ज्यांनी केली आहेत, त्यांना ही गुणाकाराची चाल नवी नाही.

यातून एक महत्त्वाचा परिणाम निघतो. डेसिबलची सरळ सरासरी काढता येत नाही. समजा, एका सेकंदाला ९० डेसिबल आणि दुसऱ्या सेकंदाला ७० डेसिबल आवाज होता. सरासरी ८० येईल असे वाटते. परंतु शक्तीची सरासरी काढून पुन्हा डेसिबलमध्ये आणल्यास उत्तर सुमारे ८७ येते. मोठा आवाज हिशेबात नेहमीच अधिक जागा व्यापतो.

शिखर की सरासरी?

संगणकीय ध्वनिमुद्रणात आवाजाला एक छत असते. त्या छताला शून्य मानून खालच्या पातळ्या उणे आकड्यांनी दाखवतात. गाण्यातील सर्वांत मोठा क्षण म्हणजे त्याचे शिखर. गाणी सारखी करण्याचा पहिला, सुचण्यास सोपा उपाय म्हणजे प्रत्येक गाण्याचे शिखर छताला नेऊन टेकवणे. हा उपाय निरुपयोगी ठरतो. का, ते एका उदाहरणाने पाहू.

सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारात दोन दुकाने आहेत असे समजा. पहिल्याची दिवाळीच्या एका दिवसाची विक्री १ लाख रुपये आणि एरवी रोजची २ हजार. दुसऱ्याची विक्री रोजच १ लाख. दोघांची सर्वाधिक विक्री सारखी. म्हणून दोन्ही दुकाने सारखी मोठी, असे कोणी म्हणेल काय? तबल्याच्या एका थापेने छताला टेकणारा शांत अभंग हे पहिले दुकान, आणि आरंभापासून अखेरपर्यंत छताला डोके घासत चालणारे नवे गाणे हे दुसरे. कान शिखर मोजत नाही. तो सर्वसाधारण उलाढाल मोजतो.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी या गोष्टीचा स्वार्थासाठी उपयोगही करून घेतला. आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा उठून दिसावे म्हणून शिखरे दाबावयाची आणि उरलेले सारे वर उचलावयाचे, अशी चढाओढ सीडीच्या काळात जगभर लागली. २००८ साली ‘मेटॅलिका’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या ध्वनिमुद्रिकेविषयी खुद्द चाहत्यांनीच आवाज फार दाबल्याची तक्रार केली होती.

मापनाच्या दोन पद्धती

२००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी ‘रीप्लेगेन’ नावाची पद्धत सुचवली. तिची रचना संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन समजेल. गाण्याचे ५० मिलिसेकंदांचे तुकडे पाडावयाचे, म्हणजे सेकंदाला २०. पाच मिनिटांच्या गाण्याचे ६,००० तुकडे होतील. प्रथम कानाच्या स्वभावाप्रमाणे गाळणी लावावयाची. कारण आपला कान मधल्या स्वरांना तीव्र आणि अतिखर्जाला मंद असतो. मग प्रत्येक तुकड्याची पातळी काढून सर्व तुकडे चढत्या क्रमाने मांडावयाचे आणि ९५ वे शतमक, म्हणजे आपल्या उदाहरणात ५,७०० वा तुकडा, निवडावयाचा. ती त्या गाण्याची पातळी.

शतमक का? साधी सरासरी घेतली तर आलापातील विरामांनी ती खाली ओढली जाते. महत्तम मूल्य घेतले तर एका थापेने ती फुगते. ९५ वे शतमक या दोन्ही टोकांच्या तडाख्यातून सुटते.

दुसरी पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली प्रमाणित केली, आणि २०१० साली युरोपीय प्रसारण संघाने तिच्या आधारे नभोवाणी व दूरचित्रवाणीसाठी उणे २३ ही पातळी ठरवून दिली. हीत ४०० मिलिसेकंदांचे, एकमेकांवर तीन-चतुर्थांश चढलेले तुकडे घेतात; अगदी शांत तुकडे वगळून सरासरी काढतात; तिच्याहून १० ने खाली असलेले तुकडे पुन्हा वगळून उरलेल्यांची सरासरी नव्याने काढतात. हेतू तोच : विरामांनी गाण्याचे मोल कमी होऊ नये. आज इंटरनेटवरून गाणी ऐकविणाऱ्या बहुतेक संस्था याच मापाने चालतात. ‘स्पॉटिफाय’ची नेहमीची पातळी उणे १४ आहे, तर ‘ॲपल म्युझिक’ची उणे १६. परिणामी गाणे दाबून मोठे करण्यात आता फारसा लाभ उरला नाही. यंत्र ते पुन्हा खाली आणते.

एक छोटी खातेवही

आता प्रत्यक्ष हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. जुना अभंग : पातळी उणे २०, शिखर उणे ५. नवे चित्रपटगीत : पातळी उणे ८, शिखर शून्य. अहिराणी लग्नगीत : पातळी उणे ९, शिखर शून्य. अभंग आणि चित्रपटगीत यांत १२ डेसिबलचे अंतर आहे; म्हणजे शक्तीच्या भाषेत सुमारे सोळापट.

उणे १४ हे लक्ष्य ठरवले, तर अभंगाच्या खाती ६ जमा, चित्रपटगीताच्या खाती ६ नावे आणि लग्नगीताच्या खाती ५ नावे पडतील. तिन्ही उणे १४ वर आली. परंतु शिखराचा रकाना पाहा : अभंगाचे शिखर उणे ५ होते, त्यात ६ मिळवल्यावर ते छताच्या १ डेसिबल वर गेले. छताच्या वर जागाच नसते. म्हणून तेवढा भाग कापला जातो आणि तेथे आवाज चिरकतो.

याला दोन मार्ग आहेत. एक, अभंगाला ६ ऐवजी ५ च द्यावे. मग तो किंचित हळू राहील. दुसरा, सर्वांचेच लक्ष्य खाली आणावे. उणे १६ ठरवल्यास अभंगाला ४ मिळतात आणि त्याचे शिखर उणे १ वर सुखरूप राहते. चित्रपटगीतातून ८ व लग्नगीतातून ७ वजा होतात. माझ्या मते दुसरा मार्ग चांगला. लहानाला ताणून मोठे करण्यापेक्षा मोठ्याने थोडे खाली यावे. एकूण आवाज कमी वाटलाच तर त्यासाठी यंत्राची कळ आहेच.

एकेक गाणे की संपूर्ण संच?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्व गाणी सारखी करणे नेहमीच इष्ट नसते. पंडित भीमसेन जोशी गदगकडचे. त्यांनी मराठीत अभंग आणि कन्नडमध्ये दासवाणी गायिली, म्हणून आपल्या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांचा त्यांच्यावर सारखाच हक्क. त्यांच्यासारख्या गायकाची एखादी मैफल विलंबित आणि द्रुत अशा दोन तुकड्यांत साठवलेली असेल, तर विलंबिताचा शांत आरंभ आणि द्रुताचा जोर यांतील अंतर हेच त्या गाण्याचे मर्म असते. ते सारखे केले तर मैफल सपाट होईल. अशा वेळी संपूर्ण संचाची मिळून एकच पातळी काढतात आणि सर्व तुकड्यांना सारखीच वाढ किंवा घट देतात. त्यामुळे आतील नाते अबाधित राहते. याउलट, निरनिराळ्या ठिकाणची गाणी मिसळून ऐकावयाची असतील तर एकेका गाण्याचा हिशेब योग्य.

आणखी दोन गोष्टींशी गल्लत होऊ नये. यंत्रातील ‘इक्वलायझर’ खर्ज व तार यांचे प्रमाण बदलतो. गाण्यागाण्यांतील अंतर तो मिटवीत नाही. काही यंत्रांत गाणे चालू असतानाच हळू भाग उचलून मोठा भाग दाबण्याची सोय असते. ती प्रवासात उपयोगी पडते, परंतु गाण्याच्या आतील चढउतार पुसून टाकते. आपण ज्या पद्धतीचा विचार करीत आहोत, तीत संपूर्ण गाण्याला एकच आकडा लागतो. गाणे आतून जसेच्या तसे राहते.

प्रत्यक्ष कृती

हा आकडा लागू करण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात गाण्याला हात न लावता त्याच्या माहितीच्या चिठ्ठीत आकडा लिहितात आणि वाजवणारे यंत्र तो वाचून आवाज कमी-जास्त करते. संगणकावरील ‘फूबार २०००’ हे या प्रकारचे साधन होय. जुन्या खिशातील यंत्रांवर बसवता येणारी ‘रॉकबॉक्स’ ही प्रणालीही ही चिठ्ठी वाचते. ॲपलच्या यंत्रांत ‘साउंड चेक’ नावाची अशीच सोय आहे.

दुसरा प्रकार चिठ्ठी न वाचणाऱ्या साध्या यंत्रांसाठी. एमपी-थ्री धारिणी लहान लहान चौकटींची बनलेली असते आणि प्रत्येक चौकटीत तिच्या आवाजाचा एक आकडा असतो. ‘एमपीथ्रीगेन’ हे साधन तो आकडाच बदलते. गाणे उलगडून पुन्हा मुद्रित करावे लागत नाही, म्हणून त्याची प्रत खालावत नाही. छताला लागून कापले न जाण्याची दक्षता मात्र येथेही घ्यावी लागते. एका पायरीने १.५ डेसिबल बदलतात, आणि केलेला बदल पुढे उलटवताही येतो. बटनांच्या साध्या मोबाइलवर मेमरी कार्ड घालून ऐकणाऱ्यांना हीच पद्धत उपयोगी आहे. काम आरंभण्यापूर्वी सर्व गाण्यांची एक प्रत बाजूला ठेवावी, हे सांगणे नलगे.

कानांचे खाते

आता मुख्य मुद्दा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली जाहीर केलेल्या मानकाप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्यात ८० डेसिबलने ४० तास ऐकावे, याहून अधिक नाही. प्रत्येक ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. ९० ला सुमारे ४ तास, आणि १०० ला आठवड्यातून अवघी २४ मिनिटे. ही ठेव ठरावीक आहे. ती उधळली तर कर्ज मिळत नाही. कारण अंतःकर्णातील ज्या सूक्ष्म केसपेशी ध्वनी टिपतात, त्या एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

आपल्या खातेवहीतील अभंग ऐकण्यासाठी कोणी आवाज ७५ डेसिबलवर ठेवला, तर मागून येणारे चित्रपटगीत १२ ने वाढून ८७ वर जाईल. आठवड्याची मुदत एकदम सुमारे ८ तासांवर आली! यादीत अशी मोठी गाणी पुष्कळ असतील आणि ऐकणारा कळ खाली करण्याचा कंटाळा करील, तर आठवड्याचा हिशेब दोन-तीन दिवसांतच संपेल.

मागावर काम करणाऱ्याची स्थिती याहून बिकट. शटलच्या मागाजवळचा आवाज सर्वसाधारणपणे ९० डेसिबलच्या वर असतो. कारखाने अधिनियम, १९४८ खालील नियमांत ९० डेसिबलला ८ तास आणि ९५ ला ४ तास अशी मर्यादा घालण्यात आली होती. गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश १९८७ च्या दुरुस्तीने त्या अधिनियमातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत झाला. सुरतेकडे बारा तासांची पाळी सर्रास असते. त्याच नियमाचे सूत्र पुढे नेले तर बारा तासांना सुमारे ८७ डेसिबल ही मर्यादा पडते, आणि तेवढ्याच कामात कानांची ठेव संपते. त्यावर कोणी मागाचा खडखडाट बुडवण्यासाठी कानात गाणी लावली, तर ती ९५ च्याही वर न्यावी लागतील. ९५ आणि ९५ मिळून १९० होत नाहीत हे खरे. परंतु ९८ होतात. येथे गाण्यांची पातळी सारखी करण्याचा काही उपयोग नाही. येथे उपाय एकच : कानात गोंगाट अडवणारे बोळे घालावेत आणि गाणी पाळी संपल्यावर ऐकावीत.

पाळी संपल्यावरही एक फसवणूक होते. दीर्घकाळ गोंगाटात राहिलेला कान काही तास मंद होतो. कान सुन्न झाल्यासारखा वाटतो, बोलणे दूरून ऐकू येते. या अवस्थेत घरी जाताना माणूस गाण्याचा आवाज ‘बरोबर वाटेपर्यंत’ वाढवतो. वस्तुतः तो बरोबर नसतो, फार मोठा असतो. मापणारी तागडीच बिघडलेली असताना केलेले ते वजन आहे.

सारख्या केलेल्या गाण्यांचा खरा उपयोग येथे होतो. सर्व गाणी एकाच पातळीवर असतील तर आवाजाच्या कळेची एकच जागा सर्वांना पुरते. ती जागा सकाळी, पाळीपूर्वी, विश्रांती घेतलेल्या कानांनी, शांत खोलीत ठरवावी, कितव्या घरावर आली ते लक्षात ठेवावे, आणि संध्याकाळी त्यापुढे जाऊ नये. गाणे थोडे हळू वाटेल, वाटू द्यावे. सकाळच्या कानाचा निकाल संध्याकाळच्या कानाने फिरवू नये. गाणी असमान असतील तर हा नियम पाळताच येत नाही, कारण प्रत्येक गाण्याची ‘बरोबर’ जागा वेगळी असते.

घरी संध्याकाळी दूरचित्रवाणीचा आवाज उत्तरोत्तर चढत असेल, किंवा वडीलधारी माणसे ‘काय म्हणालास?’ असे वरचेवर विचारू लागली असतील, तर तो वयाचाच दोष असे समजून गप्प बसू नये. कानांच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. गेलेले ऐकू येणे परत आणता येत नसले तरी उरलेले राखता येते.

आपल्यापैकी अनेकांची घरे मागावर, गिरणीत किंवा कारखान्यात राबणाऱ्यांच्या कमाईवर चालतात. सुट्टीत घरी गेल्यावर त्यांचे मेमरी कार्ड अर्धा तास मागून घ्यावे, संगणकावर गाण्यांची पातळी सारखी करून द्यावी, आणि सकाळची ती एक जागा त्यांच्याकडून ठरवून घ्यावी. त्याला खर्च काही येत नाही.